तेराव्यापर्यंत

हिंगाच्या फोडणीचा वास आला की आमचं नोएडातलं हे घर नवंकोरं होतं ते वर्ष आठवतं. शेतांच्या जागी उभ्या केलेल्या या इमारतीत आमच्या आणि खालच्या स्वयंपाकघराला हवेसाठी एकच डक्ट आहे. पत्नीचा पोटातला न्यूरोएंडोक्राइन कॅन्सर ऑपरेशननंतर उलटला होता. केमोनंतरचे काही दिवस फोडणीच्या नुसत्या वासाने पोटातली पेज बाहेर पडे. वजन आणखी घटलं तर पुढचा डोस देता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी खालच्या शेजारणीला सगळं सांगून तेवढे दिवस फोडणी टाळायची विनंती केली. "भाईसाब, तडके के बिना भी कोई दाल होती है? खिडकी बंद रखिए ना," ती हसून म्हणाली. खिडकी बंदच होती. "अहो, पुन्हा नका जाऊ," पत्नी म्हणाली, "आपल्यालाच हसतील." पुढचा डोस झालाच नाही. ती गेली त्या संध्याकाळी, दुखवट्याच्या घराजवळ फोडणी न देण्याच्या इकडच्या रिवाजाप्रमाणे, त्याच शेजारणीने जिन्यातल्या बायकांना ठणकावलं, "गमी का घर है, तेरहवीं तक कोई तडका नहीं लगाएगा." आणि तेराव्यापर्यंत खरोखरच कुणाकडून वास आला नाही. सोसायटीत अजूनही तिच्या त्या माणुसकीचं कौतुक होतं, तेव्हा मी उठून घरी येतो.