पडताळा सर

आमच्या गणिताच्या सरांचा पूर्ण विश्वास बसेल अशी एकही गोष्ट विधात्याने अजून घडवलेली नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे ते मान्य करतात, पण "आजवर तरी" एवढी पुस्ती जोडून. पंचवटीच्या बाजारात द्राक्षवाला "साखर आहे साहेब, नुसती साखर" म्हणाला की ते घडातला वरचा मणी घेत नाहीत; तळाचा, देठाआड लपलेला मागून घेतात, आणि तोही गोड निघाला तर जास्तच काळजीत पडतात. "इतका गोड? हाई खरं शे का?" मूळचे ते सटाण्याकडचे, त्यामुळे संशय फार दाटला की तोंडातून अहिराणी येते. आम्हा निवृत्त शिक्षकांचा मोबाइलवर एक गट आहे. त्यावर रोज कुणीतरी फुलांच्या चित्रासह 'शुभ सकाळ' पाठवतो आणि रोज त्याखाली सरांचा एका शब्दाचा प्रश्न येतो : "कशावरून?"

शाळेत मुले त्यांना पडताळा सर म्हणत. मी त्या शाळेचा मुख्याध्यापक होतो आणि हे नाव मला वर्गांवरून फिरताना खिडकीतून कळले. गणिताचे उत्तर बरोबर आले तरी त्यांना पुरत नसे. "आलं ना उत्तर? आता त्याच्यावर संशय घे," असे ते मुलाला सांगत. कधी फळ्यावर मुद्दाम चुकीचे गणित सोडवत आणि ज्यांनी ते मुकाट्याने उतरवून घेतले त्यांच्यावर संतापत. एखाद्याने भीत भीत हात वर करून "सर, तिसऱ्या ओळीत चुकलंय" म्हटले, तर त्यालाही सोडत नसत. "मी चुकलो म्हणतोस? ये, सिद्ध कर." पोराने सिद्ध केले की स्वतः खाली बाकावर जाऊन बसत आणि पुढचे गणित त्याला शिकवायला लावत. बाकीच्या वर्गांत शिक्षक नसताना मॉनिटर बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहीत असे. सरांच्या वर्गात ही प्रथा बंद होती. ते म्हणत, "जो दुसऱ्यांची नावं लिहून मोठा होतो, तो पुढं काय करील याची मला भीती वाटते." आणि वर्ग अगदी शांत असेल तर ते दारातच थबकत. शिक्षकांच्या बैठकीत माझा एखादा ठराव एकमताने मंजूर झाला की सर चष्मा पुसत म्हणत, "सगळेच हो म्हणाले? मग कुणीच विचार केलेला दिसत नाही."

मला हा माणूस आवडायचा, पण याच्यावर भरवसा ठेवता येत नाही असेही वाटायचे. संस्थेच्या लोकांसमोर हा काय बोलेल याचा नेम नसे. त्यातून एके दिवशी नववीतली प्रज्ञा नावाची मुलगी परिपाठाच्या वेळी उभी राहिली आणि सगळ्या शाळेसमोर तिने मला विचारले, "सर, स्वच्छता मोहिमेत मैदान आम्ही झाडलं. मग पेपरात फोटो संचालकांचा कसा आला?" शाळा हसली. मीही हसलो. परिपाठ संपताच सरांना बोलावून घेतले.

"हा प्रश्न तिला तुम्ही शिकवलात ना?"

"शिकवलेला प्रश्न मला ओळखू येतो, साहेब. तो विचारून झाला की पोरं शिकवणाऱ्याकडं बघतात. ती तुमच्याकडं बघत होती."

पुढच्या वर्षी शाळेचा विद्यार्थी प्रमुख मुलांनीच निवडावा असे ठरले. आधी आम्ही शिक्षक नेमत असू. सरांनी निवडणुकीचे काम अंगावर घेतले आणि पहिल्याच झटक्यात चिठ्ठ्या बाद केल्या. "चिठ्ठीवर अक्षर येतं. शिक्षक अक्षर ओळखतात. पोरं घाबरून मत देतील." मग त्यांनी चिंचोके काढले. प्रत्येक मुलाला एक चिंचोका. पडद्याआड तेलाचे दोन रिकामे डबे, झाकणाला फट, झाकणावर उमेदवाराचे नाव. मुलाने आत जायचे, हवे त्या डब्यात चिंचोका टाकायचा आणि बाहेर यायचे. कुणी आवाजावरून ओळखेल म्हणून डब्यांच्या तळाशी त्यांनी गोणपाटसुद्धा घातले होते. एका डब्यावर प्रज्ञाचे नाव, दुसऱ्यावर एका संचालकांच्या नातवाचे. तो मुलगा सालस होता, पण "हो सर" याखेरीज त्याचे दुसरे वाक्य मला आठवत नाही. निवडून येईल त्याला स्नेहसंमेलनात अध्यक्षांसमोर भाषण करायचे होते. प्रज्ञा तिथे काय विचारील, या धसक्याने मला जेवण जाईना.

मतदान झाले. डबे माझ्या खोलीत आले. सरांनी झाकणांवरची लाख फोडली आणि मोजायला बसणार तेवढ्यात त्यांच्या मनात आले की उरलेले चिंचोके अजून वर्गांतच आहेत. कुणी ते आणून मिसळले तर? ते गोळा करायला ते स्वतः निघाले. दारातून मागे वळून म्हणाले, "डबे तुमच्यासमोर आहेत, म्हणजे काळजी नाही."

ते गेल्यावर मी प्रज्ञाच्या डब्यातले चिंचोके ओंजळभर उचलले आणि दुसऱ्या डब्यात टाकले. गोणपाटामुळे आवाजही झाला नाही.

सरांनी मोजले, पुन्हा मोजले. एकूण बेरीज चोख जुळली. नातू थोडक्यात निवडून आला. दुसऱ्या दिवशी वरच्या वर्गांतली मुले सरांभोवती जमली. "सर, असं होईलच कसं? आमच्या आख्ख्या वर्गानं तिलाच टाकलंय." शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली : डबे कुणाचे, लाख कुणाची, मोजले कुणी? तिथे बसून मी ती ऐकली आणि चहा पीत राहिलो. सर माझ्याकडे आले, फेरमतदान घ्या म्हणाले. त्यांचा संशय शिपायावर होता, खिडकीवर होता, उंदरांवरही होता. मी म्हणालो, "बेरीज जुळली ना? मोजलं तुम्हीच ना? मग आता संशय कुणावर घेताय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "खरंय," म्हणाले. "म्हणजे डबे उघडताना झाकणांची अदलाबदल माझ्याच हातून झाली असणार."

त्याच्या दुसऱ्या दिवशी परिपाठात, सगळ्या शाळेसमोर, या माणसाने हात जोडले. "मतं तुम्ही नीट दिली. मोजणारा चुकला. प्रज्ञा, पोरी, मला माफ कर." मी शेजारीच उभा होतो. निकाल मी बदलला नाही. एकदा जाहीर झालेले बदलता येत नाही, असे काहीतरी नियमासारखे बोललो. प्रज्ञा दहावी होऊन गेली, पण त्या दिवसानंतर तिने परिपाठात कधी हात वर केला नाही. आणि सर साधी हजेरीची बेरीजसुद्धा एखाद्या पोराकडून तपासून घेऊ लागले. आधी ते जगावर संशय घेत आणि मजेत असत. आता बेरीज करताना त्यांचे बोट आकड्यांवरून पुन्हा पुन्हा फिरायचे.

मी ऐंशी ओलांडली आहे. हे मनात ठेवून जायचे नाही असे ठरवून गेल्या महिन्यात उपनगर भागातल्या त्यांच्या घरी गेलो. पाणीसुद्धा न घेता सगळे सांगून टाकले : डबा, ओंजळ, चहा पीत बसणे, सगळे. सरांनी नीट ऐकून घेतले. मग माझ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहत विचारले, "तब्येत बरी आहे ना साहेब?"

"मी खरं सांगतोय."

"कोणी पाहिलं होतं?"

"कोणी नाही."

"मग?" ते हसले. "माझं मन हलकं व्हावं म्हणून आलात, कळतं मला. पण माझ्या चुकीचा बोजा तुम्ही कशाला उचलताय? सोडा. इतकी वर्षं झाली."

मी आईची शपथ घेतली. शपथांवर तर त्यांचा मुळीच विश्वास नाही. आत वळून त्यांनी सुनेला हाक मारली, "साहेबांना चहा टाक गं, साखर कमी," आणि विषय गुडघ्यांवर नेला.

म्हणून हे छापून यावे यासाठी लिहितो आहे. त्या शाळेतली मुले आता चाळिशीकडे आली असतील. त्यांच्यापैकी कुणी हे वाचले तर ध्यानात घ्यावे : प्रज्ञा निवडून आली होती, आणि सर मोजण्यात चुकले नव्हते. जमल्यास कुणी त्यांच्याकडे जाऊन हे त्यांना पटवावे. तुम्ही त्यांचे विद्यार्थी. कसे सिद्ध करायचे ते तुम्ही त्यांच्याकडूनच शिकला आहात. मला जमले नाही.

निघताना सर काठी टेकत फाटकापर्यंत सोडायला आले. रिक्षा थांबवली, मला हाताला धरून आत बसवले आणि वाकून रिक्षावाल्याला म्हणाले, "जपून ने रे भाऊ. आमचे हेडमास्तर आहेत. असा सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही." रिक्षा सुरू झाली. वळणापर्यंत ते हात हलवत उभे होते, आणि मी खाली मान घालून बसलो होतो.