आईशेजारी बसायचा प्रवेश

दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळींना दरवर्षी फार्सच हवा असायचा. त्या वर्षी, म्हणजे २००२ च्या आसपास, मी हट्टाने अमेरिकेतल्या एका गरीब काळ्या कुटुंबाचं नाटक मराठीत लिहून बसवायला घेतलं. कोंदट दोन खोल्या, राबणारी आई, स्वतःचं गॅरेज काढायची स्वप्नं बघणारा मुलगा. पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारलं, "मग तोंडाला काळं फासायचं का?" मी कपाळावर हात मारून घेतला.

आईच्या कामाला एका मॅनेजरच्या बायको मिळाल्या. राबणाऱ्या बाईच्या हातात सोन्याच्या पाटल्या नकोत, हे त्यांना पटवण्यात माझे सुट्टीचे दोन शुक्रवार गेले. मुलाच्या कामाला मी त्यांचाच ड्रायव्हर घेतला. साताऱ्याकडचा, नजमा वस्तीत सहा जणांच्या खोलीत राहणारा. मॅडमच्या मुलांची शाळा सुटेपर्यंत गाडीत बसून त्याने सगळं नाटक पाठ केलं होतं.

पण अल मन्सूरा भागातल्या मॅडमच्या घरी, हॉलमध्ये तालीम सुरू झाली की गाडं एकाच जागी अडायचं. मुलगा सोफ्यावर आईशेजारी बसून आपलं स्वप्न सांगतो, असा प्रवेश. हा बसेचना. कधी उभा, कधी खाली गालिच्यावर.

"अरे, आई आहे ती तुझी! बस!"

"बसतो की ताई. शोच्या दिवशी बसतो."

मॅडम निवांतपणे पदर सारखा करत. बँकेतले एक गृहस्थ मुलाच्या कामावर टपलेलेच होते. शेवटी मी वैतागून बजावलं, "पुढच्या शुक्रवारी बसला नाहीस तर खलास. काम त्यांना."

त्याचा चेहरा पडला. "ताई, तेवढं नका करू. गावाकडं बायकोला कळवलंय मी."

पुढच्या शुक्रवारी तो बसला. सोफ्याच्या कडेवर, अर्धामुर्धा. मी चालवून घेतलं.

प्रयोगात मात्र तो आला आणि सरळ ऐसपैस बसला, आईला अगदी खेटून. मी विंगेत सुटकेचा निःश्वास टाकला, तोच मॅडम ताडकन उभ्या राहिल्या. संहितेत असलं काही नव्हतं. त्यांना पुढचं वाक्यही आठवेना. त्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि हलकेच त्यांचा हात धरला.

"आई, बस की गं. किती उभी राहशील?"

त्या बसल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना ते नाटकातलंच वाटलं. मला मात्र विंगेत मेल्याहून मेल्यासारखं झालं. दीड महिना मी भलत्याच माणसावर ओरडत होते.