तळाशी चार अंश

मेंढ्यांचा पाण्याचा हौद गोठलाय हे मला दोन दिवस कळलं नाही, कारण मी तो मोबाइलवर बघत होतो.

मेंढ्या माझ्या नव्हत्या. नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावाच्या कडेला, आमच्या घरापासून दोन शेतं सोडून एक म्हातारा शेतकरी राहायचा. त्याच्या बायकोने पाळलेल्या बारा मेंढ्या होत्या. बायको कोरोनाच्या पहिल्या लाटेत गेली. तिच्या अंत्यविधीला किती माणसं आली असतील ते त्या दिवसांत कोणी विचारत नसे. गोठ्याच्या खुंटीवर तिचा निळा डगला तसाच होता, आणि वारा सुटला की त्याच्या बाह्या जरा हलायच्या. तेवढ्यानेही मेंढ्या माना वर करायच्या. मी तिकडे शक्यतो बघत नसे.

पुढच्या फेब्रुवारीत म्हाताऱ्यालाच कोरोना झाला. नेमकी त्याच आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. आमच्या भागात बर्फ पडला नाही, नुसती कोरडी, हाडं वाजवणारी थंडी. मेंढ्या गाभण होत्या, महिन्याभरात विणार होत्या. त्याने फोनवर धापा टाकत मला सांगितलं, की वैरण भरपूर घालून ठेवली आहे, तू फक्त रोज दोनदा पाण्याकडे बघ.

आता, सॉफ्टवेअरवाल्याला ‘बघ’ म्हटलं की तो चालत जात नाही. मी हौदात तापमान मोजणारा सेन्सर सोडला. तरंगू नये म्हणून त्याला दगड बांधला, आकडे पाठवणारी त्याची डबी कुंपणाला अडकवली आणि घरी येऊन कॉफी घेतली. मोबाइलवर आकडा आला: चार अंश. पाणी शून्याला गोठतं. म्हणजे चार अंशांची चैन. माझ्या बायकोला आलेख दाखवला. ती म्हणाली, ‘‘अरे, पण एकदा जाऊन तर ये.’’ मी तिला समजावलं, की यालाच ऑटोमेशन म्हणतात.

दुपारी जेवणानंतर मी रस्त्याने फेरी मारायचो. माडीच्या खिडकीत म्हातारा उभा दिसायचा, काचेमागे पांढराफटक. पहिल्या दिवशी त्याने मूठ वर नेली, खाली आणली, पुन्हा वर नेली. मला वाटलं, बरं वाटतंय म्हणून जोर दाखवतोय. मीही मूठ उंचावली. दुसऱ्या दिवशी तो दोन्ही हातांनी तेच करत होता, काचेवर त्याच्या श्वासाचा डाग होता. मी अंगठा दाखवला आणि पुढे गेलो.

त्याच संध्याकाळी, मीटिंग चालू असताना त्याचा फोन आला. पलीकडून शब्द नाही, नुसता श्वास, आत ओढलेला, अडकलेला, सुटलेला. चुकून बटण दाबलं गेलं असेल असं समजून मी मोठ्याने म्हणालो, ‘‘सगळं ठीक आहे, चार अंश आहे, आराम करा.’’ श्वास एकदम थांबला. मी फोन ठेवला आणि मीटिंगमध्ये परतलो. अजूनही कधी फोनवर कोणी बोललं नाही, की मी तो कानाशी बराच वेळ धरून राहतो. विमा विकणाऱ्यांना त्यामुळे माझ्याविषयी फार आशा वाटते.

तिसऱ्या दिवशी खिडकीत कोणी नव्हतं. पडदा ओढलेला. म्हातारा गेला, असंच वाटलं, आणि निदान दार वाजवावं म्हणून मी आवारात शिरलो.

मेंढ्या हौदाभोवती माना खाली घालून उभ्या होत्या. एकीचाही आवाज नाही. हौदावर चार बोटं जाड बर्फ, त्यावर खुरांचे ओरखडे आणि जिभांनी चाटून गुळगुळीत झालेले खळगे. कुंपणावर माझ्या डबीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. सेन्सर खोटं बोलत नव्हता. तळाशी चारच अंश होते. बर्फ वर धरतो, तळाचं पाणी शेवटी गोठतं. शाळेत या उत्तराला मला पूर्ण गुण मिळाले होते.

फावडं घेऊन मी बर्फ फोडायला लागलो. फावडं वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं, आणि म्हातारा दोन दिवस खिडकीतून मला काय सांगत होता ते तेव्हा कळलं.

भोक पडताच मेंढ्या पाण्यावर तुटून पडल्या. मी मोजल्या. अकरा. बारावी गोठ्याच्या भिंतीशी पडली होती, सगळ्यांत म्हातारी. पोट तेवढं फुगलेलं, अंगावर दहिवर.

वरची खिडकी करकरली. म्हातारा चौकटीला धरून उभा होता. सकाळी स्वतःच बर्फ फोडायला म्हणून जिना उतरायला निघाला होता, दम लागून तिथेच पायरीवर बसून राहिला होता, हे मला नंतर कळलं. त्याने मेंढीकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मी खालून माफी मागितली, आणि मग, का कोण जाणे, चार अंशांचंही सांगितलं.

त्याला आवाज काढायला दोनदा खोकावं लागलं.

‘‘रस्त्यावर दुसरं कोणी फिरकत नव्हतं म्हणून तुला सांगितलं,’’ तो म्हणाला. ‘‘एरवी मी तुझ्यावर कोंबडीसुद्धा सोपवली नसती.’’