नाव बदलता येणार नाही

रत्नागिरीत झेरॉक्सच्या दुकानात ते मला एकदाच भेटले. सत्तरीचे, कडक इस्त्रीचा सदरा, हातात विमान कंपनीला लिहिलेलं वळणदार अक्षरातलं पत्र. टाळेबंदीत जिल्ह्याबाहेर पडायला पास मिळाला नाही आणि लेकीकडे जायचं दोघा नवरा-बायकोचं विमान चुकलं.

“कंपनी म्हणते, विमान वेळेवर उडालं, तुम्हीच आला नाहीत. नाक्यावर पोलिसांनी अडवलं, त्यात माझा दोष काय हो?”

पैशांऐवजी कंपनीने पुढच्या प्रवासाची कुपनं दिली. मात्र ज्याच्या नावाचं कुपन, प्रवासी तोच हवा. दरम्यान पत्नी वारली. तसं कळवल्यावर उत्तर आलं, नाव बदलता येणार नाही.

“नाव बदला असं मी म्हटलंच नव्हतं,” ते म्हणाले. “ती गेली, एवढंच कळवलं होतं.”

सही करताना त्यांच्या पेनाने कागद फाटला. त्यांनी शांतपणे दुसरा कोरा कागद मागितला आणि पत्र पहिल्यापासून लिहायला घेतलं.