लोह्याचे अण्णाराव आणि धुराची गाळणी

हे जगदीशा, जठरात बसून अन्न पचवणारा अग्नी तू, चुलीत बसून भाकरी भाजणारा विस्तव तू, आणि नाकपुडीतून आत-बाहेर करणारा वाराही तूच. अग्नी आणि वारा यांची सांगड तू घातलीस, म्हणून जीव चालतो. ती सांगड ओळखून जे हात राबतात, ते तुझेच हात समजून त्यांना आधी नमस्कार असो. मग आदराने नाव घ्यावे ते लोह्याच्या अण्णाराव मिस्त्रींचे.

नांदेडहून लातूरकडे जाणारा रस्ता लोह्यातून बाहेर पडतो, तिथे डाव्या हाताला पत्र्याची शेड आहे आणि शेडला लागूनच मागे घर. गेली चौतीस वर्षे अण्णाराव त्या शेडमध्ये डिझेलच्या गाड्या दुरुस्त करतात. लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवावे, मूठ कानाशी धरावी, डोळे मिटावेत आणि नेमका कोणता भाग कुरकुरतो ते सांगावे, ही त्यांची रीत. डोळे मिटलेले अण्णाराव पाहिले की नवख्या गिऱ्हाइकाला वाटे, मिस्त्री जपाला बसले. आणि खरे सांगायचे, तर तो जपच होता.

जुन्या जीपगाड्यांच्या काळात त्या शेडमधून निघणारा धूर इतका काळा असे, की धोंडाबाईंनी परसात वाळत घातलेले लुगडे संध्याकाळी पुन्हा धुवावे लागे. मग नव्या नियमांच्या गाड्या आल्या. इंजिनाच्या शेजारी संगणक आला, धुराच्या नळीत जाळीदार डबा आला. जिल्ह्यातल्या कित्येक जुन्या मिस्त्र्यांनी त्या गाड्यांपुढे हात टेकले. अण्णारावांनी मात्र बावन्नाव्या वर्षी पिशवीत भाकरी बांधून नांदेड गाठले आणि विशीतल्या मुलांच्या मागच्या बाकावर बसून नवी विद्या घेतली. शाळा सातवीत सुटलेली. यंत्राच्या पडद्यावरचे इंग्रजी शब्द अडत. तेव्हा मुलगी आरती एकेक शब्द मराठीत उतरवून देई, आणि बाप ते शब्द हरिपाठासारखे घोकी. शिकवणारी लेक आणि शिकणारा बाप, असे ते गुरुकुल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर दोन वर्षे भरले.

तो जाळीदार डबा म्हणजे धुराची गाळणी. इंजिनातून निघणारी काजळी ती पोटात धरते. पोट भरत आले, की गाडी आपणहून थोडे डिझेल जास्त घेते, गाळणी तापवते आणि काजळीची राख करते. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटे एकसारखे पळू द्यावे, एवढेच तिचे मागणे. पण पुष्कळांना तेही जड जाते. ‘मिस्त्री, डबा पोकळ करून टाका, ॲव्हरेज वाढंल,’ असे म्हणत गिऱ्हाईक येई. अण्णाराव हात पुशीत सांगत, ‘ॲव्हरेज तुमचं, धूर मागच्याचा. मागचा काय माझ्याकडं तक्रार घेऊन यायचा न्हाई, म्हणून मीच त्याची बाजू घेतो.’ गिऱ्हाईक गेले तर जाऊ देत. गाळणीला त्यांनी कधी हात लावला नाही.

या नेमाची परीक्षा पाहायला परके कोणी आले नाही. प्रत्यक्ष व्याही आले.

आरतीचे लग्न शिरूर अनंतपाळच्या भुजंगरावांच्या घरी झाले, त्याला चार महिने झाले होते. लग्नानंतरची पहिली पंचमी लेकीने माहेरी करायची. म्हणून पंचमीच्या दोन दिवस आधी भुजंगराव स्वतः सुनेला घेऊन लोह्याला आले. माणूस शेतीभातीचा, गावात मान असलेला, मनाने मोठा. पण शब्दाला टोक असलेला. वर्षापूर्वी सोयरीक ठरली तेव्हा अण्णारावांच्याच सल्ल्याने त्यांनी ही डिझेलची गाडी घेतली होती. धोंडाबाईंनी चहा आणला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

“अण्णाराव, तुमची गाडी बारावर आली बघा.”

“माझी कशी? कागदावर नाव तुमचं हाय.”

“शब्द तुमचा हाय. तुमी म्हणला होता, लिटरला अठरा देईल. दिले, पयले सहा महिने. आता बारा देऊन राहिली. चढाला तर दमेकऱ्यावाणी करती. गावात लोक इचारतेत, इवायानं गाडी देली का म्हैस?”

“बघतो की.”

“बघू नका, डबा काढा. लातुरात सगळे काढून राहिलेत. आजच काढा.” मग आवाज उतरवून, विहिणीकडे न बघता ते म्हणाले, “घरात बी बोलणं व्हायलंय. तुझ्या बापाची गाडी, तुझ्या बापाची गाडी. पोरीलाच ऐकावं लागतं. काम झालं तर ती पंचमीला राहील. न्हाई झालं, तर मंग सांजच्याला संगं घेऊन जातो.”

आरती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. धोंडाबाई नवऱ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “इवायाचं मन मोडू नका हो. एक डबा तर हाय.”

एक डबाच होता. चार बोल्ट आणि अर्ध्या तासाचे काम. अण्णारावांनी लेकीकडे पाहिले. चार महिन्यांत तिचा आवाज त्यांनी फोनवरच ऐकला होता, आणि तोही मोजका. नकार दिला तर तो तिलाच भोगावा लागणार, हे त्या बापाला उमगले. तरीही त्यांनी हात पुसले आणि सांगितले,

“इवाई, डबा मी काढणार न्हाई. खोटंबी बोलणार न्हाई. डबा थोडं डिझेल खातो. काढला तर लिटरमागं अर्धा किलोमीटर वाढंल. पण तुमचे सहा गेलेत. ते साडेपाच कुणी खाल्ले, ते डब्याला इचारून कळायचं न्हाई. आन् रोज सकाळी तुमी अंगणात गाडी चालू करता, तवा मागं आरती झाडत असती. तिच्या नाकात जायचं ते मी माझ्या हातानं मोकळं करू का?”

“मी न्हाई झाडत, अण्णा,” चौकटीतून आरती म्हणाली. “आत्याबाई झाडतेत.”

आत्याबाई म्हणजे आरतीची सासू नागुबाई, भुजंगरावांची बायको. “नागुबाई झाडती व्हय? मंग तर काढाच,” असे म्हणून भुजंगराव हसले, पण उठले नाहीत, की चहालाही शिवले नाहीत. “बोला. कुणी खाल्ले साडेपाच?”

अण्णाराव गाडीत बसले आणि थबकले. मीटरच्या काचेवर, बरोबर उजव्या कोपऱ्यात, माळेगावच्या खंडोबाची रुपेरी चकती चिकटवलेली होती.

“जत्रेतून आणली,” भुजंगराव अभिमानाने म्हणाले. “गाडी चालवताना देव नजरेसमोर पायजे.”

अण्णाराव खाली उतरले. चपला काढल्या, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा आत बसून दोन बोटांनी ती चकती अशी हळुवार सोडवली, जशी निजलेल्या लेकराची मूठ सोडवावी. कपाळाला लावली आणि वर, काचेखालच्या मोकळ्या जागेत नीट बसवली. चकती निघाली तिथे एक पिवळा दिवा जळत होता. गाळणी भरली आहे, मला पळू द्या, असे तो दिवा कोण जाणे किती आठवडे सांगत होता.

भुजंगराव वाकून पाहतच राहिले. “म्हंजे देवानं झाकला?”

“देवानं कामून झाकावा? देव जिथं आपण ठिवतो तिथं बसतो.”

मग विचारपूस सुरू झाली. गाडी कुठे जाते? शेतावर, तीन किलोमीटर, दिवसातून चारदा. उभी केली की बंद? लगेच बंद, जीपच्या काळापासूनची सवय, थेंबही वाया जाऊ द्यायचा नाही. उतार आला की? न्यूट्रल करून सोडून द्यायची. आज शिरूरहून येताना? दर दहा मिनिटांनी कुठे ना कुठे थांबत, दर वेळी बंद करत. अण्णारावांनी तेलाची कांडी उपसून पाहिली. पातळी खुणेच्या वर होती, वासही डिझेलचा. गाळणी तापायला लागते, आणि तेवढ्यात गाडी बंद होते. पुन्हा तापायला लागते, पुन्हा बंद. दर वेळी ओतलेले जास्तीचे डिझेल फुकट जाते, आणि त्यातले काही इंजिनाच्या तेलात उतरते. थेंब वाचवणाऱ्या त्या हातानेच धार लागली होती.

यंत्र जोडल्यावर अण्णारावांनी पडद्यावरून नजर वर केली. “आन् ह्ये घोडे कुणी वाढवले?”

भुजंगराव जरा ओशाळले. लातूरला एकाने गाडीचा संगणक बदलून दिला होता. शंभर अश्वशक्तीचे एकशेतीस. “वाढलेले घोडे काय रोजचे खातेत?”

“माळेगावच्या जत्रंतून तगडा घोडा आणला, तर दावणीला उभ्या उभ्या तो काही दुप्पट खात न्हाई. खातो ते दौडवल्यावर. आन् नुसतं बळ हाताशी आलं, की माणूस दौडवतोच. तुमी उसाच्या ट्रॅक्टरला बी मागं टाकत असताल.”

“टाकतो,” भुजंगरावांनी कबूल केले.

“त्या दौडीला डिझेल जादा, डिझेल जादा तर काजळी जादा, आन् काजळी जादा म्हणून डबा भरतो लवकर. त्याला तुमी पळू देईनात. ह्यात त्या गरीब डब्याचा गुन्हा काय?”

अण्णारावांनी गाडीचा मूळचा हिशेब संगणकात परत भरला, इंजिनाचे तेल बदलले आणि किल्ली व्याह्यांच्या हाती दिली. “चला, अहमदपूरपर्यंत जाऊन येऊ. तुमीच चालवा. आरती, बस मागं.”

श्रावणातली दुपार, धुऊन निघालेला रस्ता, दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढे सोयाबीन. गाडी एका लयीत चालली, जशी टाळकऱ्यांची साथ जमली की चाल आपोआप पुढे सरकते. बालाघाटाचा उतार आला आणि भुजंगरावांचा हात सवयीने न्यूट्रलकडे गेला. अण्णारावांनी त्यावर आपला हात ठेवला.

“गियरात राहू द्या. उतारावर गियरात असली की ही गाडी डिझेल बंदच करती. न्यूट्रलला टाकली, की धुगधुगीपुरतं पीत राहती.”

“तीस वर्षं आमी उलटंच केलं?”

“तीस वर्षं जीप होती. जीपला ते चालत होतं.”

मागे बसलेली आरती खिडकीबाहेर पाहत होती. अण्णारावांनी विचारले, “तुला तर ह्ये समदं ठाऊक होतं. बंद केल्यावर पंखा फिरत राहिला, म्हंजे डब्यातली काजळी अर्धवट जळाली, ह्ये तूच मला वाचून दाखवलं होतंस. सांगितलं कामून न्हाई?”

ती थोडी घुटमळली. सासऱ्यांना ती मामा म्हणे. “मामा पयल्याच आठवड्यात म्हणले होते, घरात बापाची तरफदारी चालायची न्हाई. मंग गाडीबद्दल बोलले असते, तर ती तरफदारीच झाली असती.”

भुजंगरावांनी आरशात एकदा सुनेकडे पाहिले. अहमदपूर दिसू लागले तेव्हा मीटरवरचा पिवळा दिवा विझला. ते कोणाला दाखवावे लागले नाही. तिघांचीही नजर तिथेच होती.

पंपावर टाकी काठोकाठ भरताना अण्णारावांनी स्पष्ट सांगितले, “एका फेरीवर इस्वास ठिवू नका, इवाई. बारा दिवस चालवा, पुन्हा काठोकाठ भरा, मंग भागाकार करा. कमी निघालं तर भर चौकात मला नाव ठेवा. डबा मात्र तवाबी काढणार न्हाई.”

“लई चिवट माणूस हाय ह्यो,” भुजंगराव सुनेला म्हणाले. ती पहिल्यांदाच मोकळी हसली.

लोह्याला परतल्यावर त्यांनी शेडसमोर गाडी उभी केली, आणि इंजिन लगेच बंद न करता विचारले, “सूनबाई, करू का बंद?” तिने मान हलवली, तेव्हा किल्ली फिरवली. आकड्याचा भागाकार अजून बारा दिवस लांब होता. तरी ते घरात गेले, पाटावर बसले आणि धोंडाबाईंना म्हणाले, “विहिणबाई, चहा गार झाला असंल, दुसरा टाका. आन् पोरीला ठिवून चाललो मी. पंचमी करा, पुढं चार दिस ऱ्हाऊ द्या.”

बारा दिवसांनी ते तिला न्यायला आले. लिटरला साडेसोळा. अठरा नव्हे, शेतावरच्या चार फेऱ्या त्यांना सुटल्या नव्हत्या, आणि या वेळी अण्णारावांनीही आकड्याचा शब्द दिला नव्हता. पण गाडी चढाला दम खात नव्हती, आणि आठवड्यातून एकदा भुजंगराव मुद्दाम मोठ्या रस्त्याला लावून ती पळवून आणत. “घरात आता माझी वट राहिली न्हाई,” ते तक्रारीच्या सुरात सांगत होते. “नागुबाईसुदिक म्हणती, गाडीचं आरतीला इचारा.” हे ऐकताना अण्णाराव पेचकस पुसत बसले होते, एकच पेचकस, किती तरी वेळ.

शेडमध्ये आजही ते हात चालू आहेत. हे कृपासिंधू, या हातांना बळ दे, या कानांना सूक्ष्म ऐकू येऊ दे, आणि आपल्या माणसासमोरही खरे बोलण्याचे हे धैर्य त्यांच्या ठायी अखंड नांदू दे. धोंडाबाईंचे सौभाग्य आणि आरोग्य अबाधित राहो. आरतीच्या बोलण्याला दोन्ही घरांत मान मिळो, तिची कूस उजवो, आणि तिच्या अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्या छातीत निर्मळ वारा भरून राहो. लोह्याच्या त्या घराचे आणि शिरूरच्या त्या घराचे, सर्वांचे, सर्वकाळ कल्याण असो.