गेटपाशी थांबलेले बाबा

आवाज पहिल्यांदा ऐकला तो बायकोनं. मी फर्स्ट शिफ्ट करून चाकणहून नुकताच घरी आलो होतो, चहा पीत होतो. ती म्हणाली, "कॉम्प्युटरमधून टकटक येतेय. आत पाल गेलीय का बघा बरं." कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशीनवर, मेंटेनन्सला असलेल्या माणसाला त्याच्याच घरातल्या मशीनचा आवाज बायकोनं सांगावा, हे जरा लागलं, म्हणून मी हसण्यावारी नेलं. मग कॅबिनेटला कान लावला आणि हसू गेलं. आतून एक कोरडा टक्, मग घरघर, मग पुन्हा टक्. लोखंड असा आवाज काढायला लागलं की त्याचे दिवस भरत आलेत, एवढं मला कळतं.

नुसता कॉम्प्युटर असता तर मी तो चिखलीतल्या कुठल्याही भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवून मोकळा झालो असतो. पण त्याच्या आत माझ्या आईचं जेवण होतं. हे वेड्यासारखं वाटेल, म्हणून नीट सांगतो.

आईला विस्मरणाचा आजार आहे. बाबा जाऊन काही वर्षं झाली, पण ते गेले हे तिच्या डोक्यात टिकत नाही. सांगितलं की ती नव्यानं ऐकते आणि नव्यानं रडते, म्हणून आम्ही सांगणं सोडलं. बाबा पिंपरीतल्या एका कंपनीत असेंब्ली लाइनवर होते. ते घरी येऊन जेवल्याशिवाय आईनं संध्याकाळी कधी घास तोंडात घातला नाही. ओव्हरटाइम असो, कंपनीची बस चुकलेली असो, ती ताटं झाकून बसायची. आमच्या चाळीतल्या सगळ्याच बायका तसं करायच्या, त्यामुळे त्यात कुणाला काही वाटायचं नाही. बाबांनाही नाही. आता आई बाकी सगळं विसरली, सुनेला कधीकधी शेजारीण समजते, पण हा नियम मात्र पक्का आहे. दिवेलागण झाली की दाराकडे तोंड करून बसते आणि पुढ्यातलं ताट बाजूला सारते. म्हणते, "ह्ये आलं न्हाईत अजून."

तिला मधुमेह आहे आणि गोळी पोटात गेलेली असते, तेव्हा उपाशी राहून चालत नाही. अशाच एका संध्याकाळी ती न जेवता बसून राहिली आणि साखर इतकी उतरली की घामानं लुगडं भिजलं, जीभ जड झाली. रिक्षात मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. ती आता जाणार, असंच मला वाटत होतं. त्या वेळी वाचली. डॉक्टर म्हणाले, काय वाटेल ते करा, पण जेवण चुकवू नका.

आम्ही थापा मारून बघितल्या. "बाबा जेवून परत ओव्हरटाइमला गेले" म्हटलं, तर तिनं मोरीत जाऊन त्यांचं खरकटं ताट शोधलं आणि ते दिसलं नाही तशी परत दाराशी येऊन बसली. मग बायकोला आठवला बाबांच्या निवृत्तीचा व्हिडिओ. आमच्याकडे कंपनीतून माणूस रिटायर होतो तेव्हा त्याला नुसता हार घालून सोडत नाहीत. फुलांनी सजवलेली जीप असते, बँजो पार्टी असते, लाइनवरचे सोबती गुलाल उधळत गेटपर्यंत नाचत येतात आणि तिथून घरापर्यंत मिरवणूक निघते. बाबांचीही निघाली होती. शूटिंगवाल्यानं सगळं टिपलं होतं. गेटमधून बाहेर पडणारी जीप, वाटेतला चौक, दारात आरतीचं ताट घेऊन उभी असलेली आई, आणि शेवटी हारासकट खुर्चीत बसून बाबा म्हणतात, "चल, वाढ आता." बँजोच्या गोंगाटात बाबांचं ऐकू येणारं तेवढं एकच वाक्य. ते कानावर पडलं की आई उठायची, पदर खोचायची, बाबांचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि मग स्वतः जेवायला बसायची. तिच्या लेखी ते आलेले असायचे. रोज संध्याकाळी आम्ही कॉम्प्युटरवर तो व्हिडिओ लावायचो आणि रोज ती जेवायची.

याची दुसरी कॉपी नव्हती का, असं कुणीही विचारेल. नव्हती. शूटिंगवाल्यानं दिलेली सीडी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली होती, पण मूळ सीडी आई देवाच्या तसबिरीसारखी पदरानं पुसायची. पुसून पुसून तिच्यावर इतके ओरखडे पडले की ती कुठंच चालेना. शूटिंगवाल्याचं दुकान कधीच बंद झालं होतं. मोबाइलवर एकदा आईला बाबांचा दुसरा एक व्हिडिओ दाखवला होता, तर "ह्यो बारका मानूस कोन?" म्हणाली, त्यामुळे मोबाइलमध्ये हा घेऊन ठेवायचं मनात आलं नाही. पेनड्राइव्हवर घेऊ, घेऊ म्हणत राहिलो आणि राहूनच गेलं.

त्या संध्याकाळी व्हिडिओ लागला, पण जीप चौकात आली आणि अडकली. बाबांचा हात हवेत तसाच राहिला. आई पडद्याकडे बघत होती, मी आईकडे. आतून टक्, टक्. तिचा हात खुर्चीच्या दांड्यावरून घसरला आणि ती उठून दाराकडे निघाली. तेवढ्यात जीप झटका देऊन पुढं सरकली, बाबा घरी आले, आई जेवली. मी मात्र जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आता मी फिटर माणूस. चाकणला आमच्या शॉपमध्ये प्रेसचा आवाज बदलला की आम्ही ती लगेच झाकून ठेवत नाही, फिरवतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि पुन्हा पुन्हा ट्रायल घेऊन आवाज कुठून येतो ते पकडायचं. बंद मशीनमध्ये आवाज सापडणार कसा? या एका विद्येवर मी इतकी वर्षं पगार घेतोय. घरी तेच केलं. कॅबिनेट उघडलं, आतल्या हार्ड डिस्कवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला, कान लावला आणि बायकोला म्हणालो, "चालू कर." टक्. "बंद कर. परत चालू कर." टक् टक्.

बायको म्हणाली, "अहो, जास्तच वाजतंय. राहू द्या ना."

"तू बटन दाब," मी म्हणालो.

मला वाटलं कनेक्शन ढिलं असेल. वायर काढून बसवली. शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरची वायर मागून आणून लावून बघितली. रॅम काढून तिचे पितळी दात खोडरबरानं घासले, तसं सगळेच करतात म्हणून. मग पडद्यावर कॉम्प्युटरनं स्वतःच विचारलं, डिस्क तपासू का? मी हो म्हणालो आणि ती तपासणी दुपारभर चालली. त्या दुपारी डिस्क इतकी तापली की बोट ठेववेना. मी टेबलफॅन आणून तिच्यावर सोडला आणि समाधान मानलं. आमच्या शॉपमध्ये तापलेल्या मोटरला आम्ही तेच करतो.

तपासणी अर्ध्यात लटकली तेव्हा मला पहिल्यांदा खरी धास्ती बसली. म्हटलं, दुरुस्ती गेली खड्ड्यात, आधी फाइल बाहेर काढू. पेनड्राइव्ह लावला, कॉपीला टाकली. हिरवी पट्टी सरकायला लागली. अर्ध्याच्या पुढं गेली, टक् झालं आणि थांबली. पुन्हा लावली. या वेळी अर्ध्यावर थांबली. पुन्हा लावली. आता अर्ध्याच्याही अलीकडे. मी खुर्चीत बसून बघत राहिलो आणि तेव्हा मला कळलं. प्रत्येक ट्रायलला ती चीज आतून घासली जात होती. दोष शोधायला म्हणून मी जेवढ्या वेळा बटन दाबायला लावलं, तेवढ्या वेळा बाबांचा एकेक तुकडा खरवडला गेला होता. प्रेस घासली तर नवीन बेअरिंग टाकता येतं. इथं बेअरिंग आणि बाबा एकाच डबीत होते. आणि एवढं कळूनही मी आणखी एकदा बटन दाबलं. हाताला दुसरं काही येतच नाही. या वेळी पडद्यावर डिस्कच दिसली नाही.

मागून आईचा आवाज आला, "दिवा लागला का रं?"

"न्हाई अजून, आई," मी म्हणालो. बाहेर चांगलं अंधारून आलं होतं. त्या संध्याकाळी बायकोनं तिला पोहे भरवले. नाश्ता आईच्या हिशेबात जेवणात मोडत नाही, हे बायकोच्या लक्षात आलं होतं. पण आईनं चारच घास खाल्ले. आम्ही दोघं आळीपाळीनं तिच्या कपाळाला हात लावत बसलो, घाम येतोय का ते बघत.

सकाळी डिस्क टॉवेलात गुंडाळून चिंचवड स्टेशनजवळच्या एका दुकानात नेली. बिघडलेल्या डिस्कमधलं सामान काढून देणारं दुकान होतं आणि चालवणारी एक पन्नाशीची बाई होती, चष्मा डोक्यावर सरकवलेला. तिनं डिस्क कानाशी नेली, पण चालू केली नाही.

"आवाज यायला लागल्यावर किती वेळ चालवली?"

"थोडीशी," मी म्हणालो.

तिनं माझ्या शर्टावरचा कंपनीचा बिल्ला बघितला. "मेंटेनन्स का?"

"हो."

"चाकण, तळवड्याचे सगळे असेच येतात," ती म्हणाली आणि डिस्क ठेवून घेतली. मला तिचा राग आला, आणि ती खरं बोलत होती म्हणून जास्तच आला. काय हवंय विचारल्यावर मी फक्त त्या एका व्हिडिओचं सांगितलं. कशाला हवाय तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि शब्द मात्र कसलाच दिला नाही.

मधले दिवस पोह्यांवर, उपम्यावर आणि भीतीवर काढले. शॉपमध्ये माझं लक्ष लागेना. खिशातला फोन थरथरला की आई पडली असं वाटायचं. घरी येऊन जिना चढताना आधी कान द्यायचो, आतून रडण्याचा आवाज येतोय का. बायको बिचारी दिवसभर एकटीच तिच्याशी झगडत होती. दाराला आतून कुलूप घातलेलं, कारण आई आता बाबांना बघायला बाहेर पडायला लागली होती.

शेवटी दुकानातल्या बाईचा फोन आला. गेलो. तिनं फाइल लावून दाखवली. बँजो वाजला, गुलाल उडाला, बाबा हात जोडत जीपमध्ये चढले, जीप गेटपाशी आली आणि चित्र थांबलं. "पुढचं निघत नाही," ती म्हणाली. "तिथली जागाच खरवडली गेलीय." चौक नव्हता, घर नव्हतं, आरतीचं ताट नव्हतं. "चल, वाढ आता" नव्हतं. मी पेनड्राइव्ह मुठीत धरून घरी आलो. हे आईला दाखवावं की नाही तेच कळेना. अर्धं दाखवणं न दाखवण्यापेक्षा वाईट तर नाही ना, असं वाटत होतं. पण पोह्यांना ती त्या दिवशी तोंड लावत नव्हती आणि बायको म्हणाली, "दाखवा. निदान त्यांचा चेहरा तरी बघतील आई."

शेजाऱ्याचा लॅपटॉप आणून व्हिडिओ लावला. बँजो ऐकताच आईच्या तोंडावर हसू आलं. बाबा जीपमध्ये चढले. जीप गेटपाशी आली. थांबली.

आई पडद्याकडे बघत राहिली. मग दाराकडे बघितलं. "निघालं," ती म्हणाली. "आता येत्याल." आणि ती दाराकडे तोंड करून बसली.

आम्ही करायला नको होतं ते नेमकं केलं होतं. इतके दिवस तिला ते कधी येतील हे माहीत नव्हतं. आता ते वाटेत होते, आणि येणार नव्हते. बायकोनं ताट आणून ठेवलं, आईनं न बघता बाजूला सारलं. वेळ जात राहिला. तिच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब दिसले आणि मला ती रिक्षा आठवली. काय बोलतोय ते न कळता मी बोलून गेलो, "आई, बाबांचा फोन आला होता. पिंपरीच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेत. म्हणाले, तिला म्हणावं माझ्यासाठी थांबू नको, जेवून घे."

आईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत आजार नव्हता.

"त्येंनी म्हनलं?"

"हो."

"खोटं बोलू नगंस. त्येंनी जलमात असं कधी म्हनलं न्हाई."

ते खरंच होतं. आम्ही इतक्या थापा मारल्या, पण ही कधी सुचली नव्हती, कारण बाबांच्या तोंडी हे वाक्य बसतच नव्हतं. ताटं झाकून बसलेल्या आईसमोर मी शाळेचा अभ्यास केला, मोठा झालो, आणि तिला भूक लागत असेल हे माझ्याही कधी मनात आलं नाही. बाबांचा मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला, आणि ते तर गेटपाशी हात जोडून हसत होते.

"आज म्हणाले," मी म्हणालो. "खरंच म्हणाले."

आईनं ताट पुढं ओढलं.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "लई भूक लागती मला, लगीन झालं तवापासनं."

तिनं भाकरी मोडली आणि जेवायला लागली. मग तिनं आमटी मागितली, आणि बायकोनं वाढल्यावर परत मागितली.