गेटवर अडवलेली भाकरी

मंगळवारी सकाळी आमच्या चाकणच्या कंपनीच्या गेटवर एक भाकरी अडवली गेली. तेव्हापासून डोकं तापलंय... आज लिहूनच टाकते.

त्या दिवशी कंपनीत प्लॅस्टिकमुक्तीचा कार्यक्रम होता. नवा नियमही त्याच दिवसापासून लागू... गेटच्या आत प्लॅस्टिकची पिशवी आणायची नाही. चिंचवडहून आमची बस गेटवर पोचली, तर मंगलताई बाहेर उभ्या.

मंगलताई आमच्याकडे हाउसकीपिंगला आहेत, कॉन्ट्रॅक्टवर. शेजारच्याच गावातल्या, दहा वर्षं आमच्या शॉपफ्लोअरवर सांडलेलं तेल पुसतायत. भाकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणली म्हणून सिक्युरिटीने भाकरी हातात देऊन पिशवी जप्त केली होती, वर त्यांचा गेटपासच काढून घेतला होता. कॉन्ट्रॅक्टवाल्यांचा पास गेला की काम गेलं, हे इकडे सगळ्यांना माहीत आहे.

"मला कुणी सांगितलंच न्हाई वो मॅडम," एवढंच म्हणाल्या.

खरंच नव्हतं सांगितलं. नियमाची मेल गेली होती, बोर्डावर इंग्रजीत नोटीस होती. ताईंना मेल आयडीच नाही.

आणि आत काय चाललं होतं ते ऐका. स्टेजवर नवाकोरा फ्लेक्स. पाहुण्यांसाठी गुच्छ, त्यांना चकचकीत प्लॅस्टिकचं वेष्टण. प्रत्येक खुर्चीवर पाण्याची छोटी बाटली, दोन घोट पिऊन सोडून द्यायला. नाश्त्याच्या बॉक्समध्ये चमचा प्लॅस्टिकचा, चटणीची पुडीसुद्धा प्लॅस्टिकची... हे सगळं टेम्पोत भरून त्याच गेटमधून आत आलं. टेम्पोला कुणी हटकलं नाही, साहेबांचं सामान ना ते.

मी सिक्युरिटीच्या केबिनमध्ये गेले आणि जप्त केलेली पिशवी मागून घेतली. धुऊन धुऊन मऊ पडलेली, एका कडेला फाटली होती तिथे सुईदोऱ्याने टाके घातलेले. उलटून पाहिली आणि माझे कान गरम झाले. पुसट हिरव्या अक्षरांत छापलेलं होतं, 'वसुंधरा वाचवूया'... आणि खाली आमच्याच कंपनीचं नाव.

मग आठवलं. गेल्या वर्षी याच कार्यक्रमात आम्ही सगळ्यांना कापडी पिशव्या वाटल्या होत्या. प्रत्येक कापडी पिशवी एकेका प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घालून, का तर ती मळू नये. आम्ही ती कव्हरं तिथल्या तिथे फाडून टाकली. मंगलताईंनी आपलं कव्हर वर्षभर जपलं, रोज धुतलं, रोज त्यातून भाकरी आणली.

सगळ्यात जास्त राग कुणाचा येतोय सांगू? माझा स्वतःचा. पर्यावरण कमिटीत मी आहे. कव्हरवरचं ते वाक्य मीच सुचवलं होतं आणि हा नवा नियमही मीच टाइप केलाय. टाइप करताना मंगलताई एकदाही डोळ्यासमोर आल्या नाहीत, याची लाज वाटते.

पिशवी घेऊन तडक हॉलमध्ये गेले. पहिल्या रांगेत बसलेल्या साहेबांच्या हातात दिली आणि म्हटलं, वाचा सर. त्यांनी वाचलं, गेटवर फोन करून पास द्यायला सांगितला आणि मला म्हणाले, हा विषय इथे नको. सॉरी वगैरे काही नाही.

पिशवी परत घेऊन गेटवर गेले. ताईंची माफी मी मागितली. त्यांचं लक्ष माझ्या बोलण्याकडे नव्हतंच, हाताकडे होतं.

"मॅडम, ती पिशवी तेवढी द्या माघारी. अजून वरीसभर जाईल ती."

दिली... अख्ख्या कंपनीत त्या कव्हरचा नीट वापर करणारी ही एकच बाई, आणि आम्ही तिलाच गेटबाहेर उभं केलं.